‘द ऑफिस’ पहिल्यांदा बघताय? आधी स्लाव, मग स्क्रँटन

इंग्रजी विनोदी मालिका बघायला सुरुवात करायची म्हटलं की कुणीतरी ‘द ऑफिस’चं नाव घेतंच. सांगणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा अमेरिकन मालिका असते. तुम्ही पहिला भाग लावता. एक साहेब स्वतःच्याच विनोदावर हसत असतो, समोरचे कर्मचारी गप्प असतात, मागून हशाचा आवाजही येत नाही. वीस-बावीस मिनिटं संपतात आणि प्रश्न पडतो, यात हसायचं कुठे होतं? इथेच मालिका सोडून दिलेले कितीतरी जण मला भेटले आहेत आणि दर वेळी मला हळहळ वाटते, कारण दोष त्यांचा नसतो आणि मालिकेचाही नसतो. चुकलेला असतो तो क्रम.

मूळ मालिका ब्रिटिश आहे, इंग्लंडमधल्या स्लाव गावात घडणारी. तिचे भाग फक्त १४. अमेरिकेत तिचा रीमेक झाला, स्क्रँटन शहरात घडणारा, तो २०१ भाग चालला. दोन्ही बघाव्यात, आधी ब्रिटिश आणि मग अमेरिकन, असं माझं ठाम मत आहे. बघताना एकाच गोष्टीवर लक्ष ठेवा: चौदा भागांची गोष्ट दोनशे भागांपर्यंत न्यायची तर तिच्यातला साहेब कसा बदलावा लागतो. हे कळायला लागलं की दोन्ही मालिकांची गोडी दुपटीने वाढते. पुढे ज्या पायऱ्या दिल्या आहेत त्या याच हिशेबाने. शेवट कुठेच फोडलेले नाहीत.

पायरी १ : नेमकी कोणती मालिका लावलीय ते बघा

दोन्ही मालिकांचं नाव एकच असल्याने गोंधळ होतो. शोधताना नावापुढे वर्ष टाका. २००१ म्हणजे ब्रिटिश, २००५ म्हणजे अमेरिकन. पोस्टरवर रिकी जर्व्हेज असेल तर ब्रिटिश, स्टीव्ह करेल असेल तर अमेरिकन. दोन सीझन आणि नाताळचे विशेष भाग दिसले तर ब्रिटिश, नऊ सीझन दिसले तर अमेरिकन. भारतात या मालिका कोणत्या अ‍ॅपवर आहेत ते हक्कांप्रमाणे बदलत राहतं, त्यामुळे वर्गणी भरण्याआधी त्या दिवशी काय उपलब्ध आहे ते तपासून घ्या.

सबटायटल चालू ठेवा, इंग्रजी उत्तम येत असलं तरी. ब्रिटिश मालिकेत माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, एकमेकांचं बोलणं तोडतात, अर्ध्यावर सोडून देतात. निम्मा विनोद त्या अर्धवट वाक्यांतच असतो. आणखी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: दोन्हींत अश्लील आणि वर्ण, लिंग, अपंगत्व यांवरून केलेले विनोद येतात, ब्रिटिश मालिकेत शिव्याही बऱ्याच आहेत. लहान मुलांसोबत बघायची ही मालिका नव्हे.

पायरी २ : कॅमेरा हेही एक पात्र आहे, हे आधी मान्य करा

दोन्ही मालिकांची कल्पना अशी: एका कागद विकणाऱ्या कंपनीच्या शाखेत माहितीपट करणारे लोक आले आहेत आणि रोजचं कामकाज टिपताहेत. म्हणजे पात्रांना कॅमेरा दिसतो. ती त्याच्याकडे बघतात, त्याच्यापासून लपतात, त्याच्यासमोर भाव खातात. मधूनमधून एकेक जण एकटा बसून मुलाखत देतो. या प्रकाराला मॉक्युमेंटरी म्हणतात, खोटा माहितीपट.

साहेबाचं सगळं वागणं यातूनच उलगडतं. टीव्हीवर येण्याची संधी आयुष्यात एकदाच मिळाली आहे, असं त्याच्या मनाने घेतलंय. आपण किती मजेदार, किती मोकळे, कर्मचाऱ्यांचे किती लाडके आहोत हे देशाला दाखवायचं आहे. म्हणून तो विनोद करतो, डोळ्याच्या कोपऱ्यातून कॅमेऱ्याकडे बघतो, आणि समोर शांतता पसरते. ती शांतता म्हणजे विनोदाची जागा. हशा घातलेला नाही तो मुद्दाम. कुठे हसायचं हे तुमच्यावर सोपवलेलं आहे. बघताना तुम्ही कानकोंडे व्हाल, पडद्यावरून नजर काढावीशी वाटेल. तसं झालं तर मालिका तुम्हाला बरोबर कळते आहे असं समजा.

साहेबाच्या तोंडचे ओंगळ शेरे ऐकतानाही हेच ध्यानात ठेवायचं. तो शेरा मारतो तेव्हा कॅमेरा ज्याच्यावर शेरा मारलाय त्याच्या चेहऱ्यावर जातो, मग परत साहेबावर येतो. उघडा पडतो तो साहेबच.

पायरी ३ : स्लावचे पहिले सहा भाग, रोज एक

९ जुलै २००१ रोजी बीबीसी टूवर पहिला भाग लागला. रिकी जर्व्हेज आणि स्टीफन मर्चंट या दोघांनी मालिका लिहिली आणि दिग्दर्शितही केली. जर्व्हेजने डेव्हिड ब्रेंट या साहेबाचं काम केलं. सुरुवातीला प्रेक्षक फारसे मिळाले नाहीत. पुनःप्रक्षेपणातून आणि तोंडोतोंडी नाव पसरत गेलं.

कंपनीचं नाव वर्नम हॉग, शाखा स्लाव गावात. स्लाव लंडनच्या पश्चिमेला आहे. गोदामं, कचेऱ्यांच्या करड्या इमारती, वाहनांचे चौक अशीच त्याची ओळख मालिकेच्या सुरुवातीच्या चित्रांतून होते. जॉन बेट्जमन या कवीने १९३७ मध्ये या गावावर बॉम्ब पडोत अशा अर्थाची कविता लिहिली होती. मालिकेत ब्रेंट ती कविता हातात घेऊन कवीची हजेरी घेतो, तो प्रसंग चुकवू नका. आपलं गाव, आपली शाखा, आपण स्वतः, हे सगळं कुणीतरी क्षुल्लक ठरवलंय हे त्याला आत कुठेतरी ठाऊक आहे.

पहिल्याच भागात मुख्यालयाकडून बातमी येते: स्लाव आणि स्विंडन या दोन शाखांपैकी एक बंद होणार, माणसं कमी होणार. ब्रेंट कर्मचाऱ्यांना छातीठोकपणे सांगतो की कुणाचीही नोकरी जाणार नाही. तसं वचन द्यायचा त्याला अधिकार नाही. नोकरकपातीची ही टांगती तलवार पहिल्या सीझनभर डोक्यावर असते आणि त्यामुळेच त्याचे विनोद इतके असह्य होतात. ज्यांची नोकरी जाऊ शकते अशा माणसांना हा हसवायला निघाला आहे.

बाकी तिघांकडे लक्ष द्या. टिम (मार्टिन फ्रीमन) हुशार आहे, तिशीला टेकलाय, आईवडिलांकडे राहतो, ही नोकरी सोडणार असं म्हणत राहतो. रिसेप्शनवरची डॉन (लूसी डेव्हिस) हिचं लग्न ठरलेलं आहे, पण तिचं खरं बोलणं होतं ते टिमशीच. आणि गॅरेथ (मॅकेन्झी क्रुक), जो स्वतःला सहायक विभागीय व्यवस्थापक म्हणवतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी दुरुस्त करतं की तो विभागीय व्यवस्थापकाचा सहायक आहे. टिमची कॅमेऱ्याकडे टाकलेली नजर बघायला शिका. तो एक शब्द न बोलता तुम्हाला साक्षीला बोलावतो.

सलग सहा भाग बघू नका. प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा आहे आणि दोनापुढे मन थकतं. हेही सांगतो की पहिल्या भागावरून मत बनवू नका, चौथ्या भागापर्यंत थांबा. त्या भागात कर्मचाऱ्यांसाठी बाहेरून प्रशिक्षक आलेला असतो. ब्रेंटला दुसऱ्या कुणाकडे लोकांचं लक्ष गेलेलं सहनच होत नाही. तो प्रशिक्षकाच्या प्रत्येक वाक्यात तोंड घालतो, आणि शेवटी घरी जाऊन गिटार घेऊन येतो. गाणी म्हणतो. टिम कॅमेऱ्याला सांगतो की हा ती आणायला घरी गेला होता. या अर्ध्या तासात लेखन, अभिनय आणि संकलन इतकं घट्ट जुळलेलं आहे की विनोदी लेखन शिकणाऱ्या कुणालाही मी आधी हाच भाग दाखवेन.

पायरी ४ : दुसरा सीझन, आणि नाताळचे दोन भाग वेगळे ठेवा

दुसरा सीझन २००२ मधला, पुन्हा सहा भागांचा. स्विंडनची माणसं स्लावमध्ये येतात आणि त्यांचा साहेब नील हा आता ब्रेंटचा वरिष्ठ आहे. नील तरुण, देखणा, कामात चोख आणि खरोखरच मजेदार आहे. पहिल्याच भागात दोघांची स्वागतपर भाषणं एकामागोमाग येतात. नीलला हशा मिळतो, ब्रेंटला मिळत नाही. पुढचे पाच भाग या एका तुलनेतून उलगडतात. पाचव्या भागातलं ब्रेंटचं नाचणं जगप्रसिद्ध आहे, पण ते इंटरनेटवर आधी बघू नका. नील नुकताच छान नाचलाय, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात, म्हणून हा नाचायला उतरतो. सुट्या तुकड्यात तो विचित्र नाच दिसतो. भागात बघितला तर त्या माणसाची कीव येते.

सहावा भाग संपल्यावर दोन-चार दिवस थांबा. नाताळचे दोन विशेष भाग डिसेंबर २००३ मध्ये लागले. त्यांत माहितीपटवाले पुन्हा या माणसांना भेटायला येतात: टीव्हीवर दिसल्यानंतर त्यांचं काय झालं? मला हे दोन भाग सगळ्या मालिकेचा कळस वाटतात. पुढे जानेवारी २००४ मध्ये या मालिकेला अमेरिकेचा गोल्डन ग्लोब मिळाला, जर्व्हेजला अभिनयासाठी वेगळा. मागणी भरपूर असतानाही लेखकांनी आणखी भाग केले नाहीत. सगळं मिळून साधारण साडेसात तास. एवढ्यात एका माणसाचा पूर्ण उतार आणि थोडीशी सावरण दाखवून झाली होती. ब्रेंट इतका कडवट चालला कारण त्याला फार काळ सोसायचं नव्हतं.

पायरी ५ : अमेरिकन पहिला भाग, ब्रिटिश पहिल्या भागाला लावून

एका संध्याकाळी दोन्ही मालिकांचे पहिले भाग पाठोपाठ बघा. अमेरिकन रीमेक ग्रेग डॅनियल्स यांनी उभा केला, एनबीसी वाहिनीवर तो २४ मार्च २००५ ला सुरू झाला. पहिला भाग जवळजवळ मूळ संहितेबरहुकूम आहे. सहकाऱ्याचा स्टेपलर जेलीत बुडवून ठेवण्याची खोडी दोन्हींत आहे. साहेबाने गंमत म्हणून रिसेप्शनिस्टवर चोरीचा आळ घेणं, कामावरून काढल्याचं सांगणं आणि तिला रडू फुटणं, तेही दोन्हींत आहे.

शब्द तेच असूनही तो भाग अंगाला बसत नाही. नवे कपडे घातलेल्या माणसासारखा अवघडून चालतो. बघताना कारणं शोधा. ब्रेंट विनोद फसल्यावर पुटपुटतो, दाढी चाचपतो, विषय सारवतो. मायकल स्कॉट झालेला करेल मुळात जास्त जोरकस नट आहे. तो फसलेला विनोद आणखी मोठ्याने रेटतो. शिवाय ब्रिटिश माणसांचं सभ्य गप्प बसणं आणि अमेरिकन कर्मचाऱ्यांचं गप्प बसणं यांत फरक आहे. एकच ओळ दोन गावांत दोन तऱ्हांनी पडते.

गाव बदललंय हेही बघा. पेन्सिल्व्हेनियातलं स्क्रँटन हे खऱ्या नकाशावरचं, एकेकाळी कोळशावर मोठं झालेलं शहर. कंपनी डंडर मिफ्लिन मात्र काल्पनिक. चित्रीकरण झालं ते कॅलिफोर्नियात.

पायरी ६ : पहिला अमेरिकन सीझन लवकर उरका

सहाच भाग आहेत. त्यातला दुसरा, ‘डायव्हर्सिटी डे’, नीट बघा: पहिलीच स्वतंत्र संहिता, बी. जे. नोव्हाकची. तोच मालिकेत रायन या हंगामी कारकुनाचं कामही करतो. कंपनीने वंशभेदाविषयीचं प्रशिक्षण ठेवलंय ते मायकलच्याच एका वागण्यामुळे, आणि मायकल ते स्वतःच्या हाती घेतो. रीमेकला स्वतःचा आवाज सापडल्याची पहिली खूण इथे आहे. बाकीचे चार भाग कंटाळवाणे वाटले तर पुढे चला.

पायरी ७ : दुसरा सीझन म्हणजे खरं प्रवेशद्वार

इथे सावकाश बघा, कारण माझ्या मते रीमेक कसा करावा याचा धडा याच सीझनमध्ये आहे. ऑगस्ट २००५ मध्ये करेलचा एक सिनेमा जोरात चालला, आणि पहिल्या सीझनला बेताचाच प्रतिसाद मिळालेल्या या मालिकेकडे लोकांची नजर वळली. लेखकांपुढचा प्रश्न वेगळा होता. प्रेक्षकाने दर आठवड्याला, वर्षाला वीस-बावीस वेळा, याच साहेबाकडे परत यायचं असेल तर तो नुसता असह्य असून कसं चालेल?

उत्तर तीन भागांत दिसतं. पहिला ‘द डंडीज’. मायकल एका रेस्टॉरंटमध्ये कर्मचाऱ्यांना बक्षिसं वाटतोय, नेहमीसारखं ओशाळवाणं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची परकी माणसं त्याची टर उडवू लागतात. त्याचा धीर खचतो, तो आवरतं घ्यायला लागतो आणि त्याचेच कर्मचारी, रिसेप्शनिस्ट पॅम सगळ्यांत पुढे, त्याला चालू ठेव म्हणून ओरडतात. आमचा साहेब आहे, आम्ही हसू, तुम्ही कोण? स्लावमध्ये ब्रेंटच्या मागे असं कुणी उभं राहिलं नव्हतं.

दुसरा ‘ऑफिस ऑलिम्पिक्स’. मायकल घर विकत घेतो, हप्त्यांच्या आकड्याने हबकतो. इकडे ऑफिसात जिम या विक्रेत्याने वेळ घालवायला खेळ मांडलेत. शेवटी मायकलला घर घेतल्याबद्दल सुवर्णपदक मिळतं, दहीच्या डब्याच्या झाकणाचं. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि जिम ते बघतो. एवढंच घडतं.

तिसरा ‘द क्लायंट’, आणि माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचा. मोठ्या ग्राहकाशी बैठक आहे, सोबत वरिष्ठ जॅन आहे. मायकल बैठक चांगल्या हॉटेलातून उचलून साध्या रेस्टॉरंटमध्ये नेतो, गप्पा मारतो, विनोद सांगतो, कामाचं नाव काढत नाही. जॅनसारखंच आपल्यालाही वाटतं की हा सौदा बुडाला. आणि मग तो सौदा पटवतो. हा माणूस वाईट साहेब असला तरी अव्वल विक्रेता आहे, म्हणून तो खुर्चीवर बसलाय, हे इथे कळतं. ब्रेंटला लेखकांनी असं कुठलंही कसब दिलं नव्हतं. या एका भरीमुळे पुढचे दीडशे भाग शक्य झाले, असं मला वाटतं.

जिम (जॉन क्रसिन्स्की) आणि पॅम (जेना फिशर) यांची गोष्टही टिम आणि डॉनच्या वाटेने निघून सीझन संपेपर्यंत स्वतःची वाट धरते. शेवटचा भाग ‘कसिनो नाइट’ करेलने स्वतः लिहिला आहे. गॅरेथच्या जागी आलेला ड्वाइट (रेन विल्सन) तर मूळ पात्रापेक्षा कितीतरी विस्तारला: त्याचं बीटचं शेत, चुलतभाऊ, मायकलवरची आंधळी निष्ठा. इथे रीमेक मूळ मालिकेच्या पुढे गेला हे मान्य करायला हवं.

पायरी ८ : इथे फरिदाबादची एक फेरी मारा

दुसऱ्या सीझनपर्यंत आलात की २०१९ मध्ये हॉटस्टारवर आलेल्या हिंदी ‘द ऑफिस’चे तीन-चार भाग बघा. विल्किन्स चावला कंपनी, फरिदाबाद शाखा, साहेब जगदीप चड्ढा (मुकुल चड्ढा), आणि ड्वाइटच्या जागी गोपाल दत्त. प्रसंग बरेचसे अमेरिकन मालिकेचे आहेत. गोपाल दत्तने उभा केलेला इसम दिल्लीच्या आसपास खरोखर भेटेल असा आहे, आणि जिथे मालिका त्याच्यासारख्या माणसांवर विसंबते तिथे ती चांगली चालते. अमेरिकन प्रसंग जसाच्या तसा उचलते तिथे पहिल्या अमेरिकन भागासारखीच अडखळते.

जर्मनीत २००४ पासून ‘स्ट्रॉमबेर्ग’ झाली, तिथे कागदाऐवजी विमा कंपनी. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये फेलिसिटी वॉर्डला घेऊन साहेबाची बाई झाली. या दोन्ही नंतर, हौस असेल तर.

पायरी ९ : तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत, आणि मग कुठे थांबायचं

तिसऱ्या ते पाचव्या सीझनमध्ये मार्गदर्शनाची गरज नाही, मालिका स्वतःच ओढून नेते. तीन थांबे फक्त सांगतो.

तिसऱ्या सीझनमधला ‘दिवाळी’ हा भाग, नोव्हेंबर २००६ चा. लिहिलाय मिंडी केलिंगने, जी केली कपूरचं काम करते. केलीच्या आईवडिलांच्या भूमिकेत तिचे खरे आईवडील आहेत. दिवाळी म्हणजे काय असं विचारल्यावर केलीला नव्या कपड्यांपलीकडे फारसं सांगता येत नाही. परदेशात महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला मुलांना घेऊन गेलेल्या कुणालाही तो हॉल, ते कपडे, ती जेवणाची रांग ओळखीची वाटेल. त्याच सीझनमधला ‘द कन्व्हिक्ट’ जर्व्हेज आणि मर्चंट यांनी लिहिलेला आहे. मूळ लेखकांच्या हाती मायकल आला की काय होतं ते बघा. आणि चौथ्या सीझनमधली ‘डिनर पार्टी’, जिथे मालिका पुन्हा एकदा ब्रिटिश मालिकेइतकी निर्दय होते.

सातव्या सीझनमध्ये ‘द सेमिनार’ भागाच्या सुरुवातीलाच डेव्हिड ब्रेंट आणि मायकल स्कॉट लिफ्टपाशी भेटतात. मिनिटभराची भेट. आधी स्लाव बघितलं नसेल तर ती हातून निसटते. बघितलं असेल तर दोन लेखकसंघांनी एकाच माणसाचं काय काय केलं ते त्या भेटीत दिसतं. त्याच सीझनमध्ये करेलने मालिका सोडली, ‘गुडबाय, मायकल’ २८ एप्रिल २०११ ला लागला.

त्यानंतर आठवा आणि नववा सीझन आहे. माझा सल्ला: ‘गुडबाय, मायकल’नंतर मोठी सुट्टी घ्या. आठवा विस्कळीत आहे, सोडला तरी चालेल. नववा मात्र घ्या, कारण त्यात पहिल्या दिवसापासून तिथे उभा असलेला कॅमेरा आणि त्यामागची माणसं गोष्टीत उतरतात. शेवटचा भाग १६ मे २०१३ चा आहे. तो बघायच्या आदल्या दिवशी ब्रिटिश नाताळ विशेष पुन्हा लावा.